उभा दोरा, आडवा दोरा

विणून आलेला नमुना गुरुशांत मालकांनी टेबलावर आपटला. निळ्या कापडावरचं धम्मचक्र उभट, पार अंड्यासारखं उतरलं होतं.

"हे चाक हाय का अंडं?"

प्रतिक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोलापुरातल्या या यंत्रमागाच्या कारखान्यात डिझाइन काढायचं काम तिचं, आणि हा पडदा तर तिच्याच गल्लीतल्या विहाराचा. "माझ्या पोरीनं काढलंय," असं आई, मीनाबाई, गल्लीभर सांगत सुटली होती. आता त्याच गल्लीपुढे हे अंडं टांगायचं?

"कॉम्प्युटरवरच्या तुज्या त्या फुकटच्या लिनक्सचा परताप," मालक म्हणाले, आणि मागावरच्या बसूला त्यांनी हाक मारली. "बसू, आपलं जुनं कमळाचं डिझाइन चढव. धर्माचं कापड हाय, बारकाईनं कोण बघतंय?"

प्रतिक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमी बघतो," ती म्हणाली. "कमळ चढवायचं न्हाय. संध्याकाळपर्यंत चाक गोल करून देते. न्हाय झालं तर उद्यापासनं मला घड्या घालायला बसवा."

बोलून बसली खरी, पण चूक कुठे आहे ते तिलाही कळत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चाक गोलच दिसत होतं. तिनं स्वतः नजरेनं बघत, दोन्ही बाजूंनी दाबून दाबून ते गोल केलं होतं.

मग तिनं कॉम्प्युटरलाच एक नवा गोल काढायला सांगितला आणि बॉबिनचा दोरा त्याच्या उंचीएवढा तोडून पडद्यावर धरला. उभा धरला तर पुरला, आडवा धरला तर अपुरा पडला. कॉम्प्युटरचा अस्सल गोलसुद्धा इथे फताडा दिसत होता. खोटं बोलत होता तो पडदा, आणि त्याच्या नादी लागून तिनं चांगलं चाक दाबून टाकलं होतं!

गेल्या आठवड्यात जुना मॉनिटर जळाला, तेव्हा मालकांनी कुठून तरी एक वापरलेला, रुंद मॉनिटर आणला होता. लिनक्सला तो ओळखू आला नाही. त्यानं जुन्या चौकोनी पडद्याचंच माप धरलं आणि चित्र ताणून रुंदीभर पसरलं. सेटिंगमध्ये मापांची यादी होती, पण त्यात या मॉनिटरचं माप नव्हतंच. यादीत नाव नाही म्हणून गप्प बसायची रीत प्रतिक्षाच्या घरात कुणालाच नव्हती.

हुकूम टाइप करायची खिडकी, टर्मिनल, उघडून तिनं रुंद माप स्वतः लिहिलं, यादीत घुसवलं आणि एंटर दाबलं. पडदा काळाठिक्कर पडला. हे माप चालत नाही, अशी इंग्रजी पाटी त्यावर फिरायला लागली.

बसू फिदीफिदी हसला. "आता तर अंडं बी दिसंना की गं!"

"थांब जरा."

माप फसलं तर जुनं आपोआप परत यावं, ही सोय तिनं आधीच केली होती. पडदा परत आला. या म्हाताऱ्या मॉनिटरकडे आपण दर सेकंदाला चित्र ताजं करायचा फारच वेग मागितला, हे तिच्या ध्यानात आलं. वेग उतरवून तिनं पुन्हा एंटर दाबलं, आणि अक्षरं लख्ख झाली. दाबलेलं चाक आता पडद्यावरही अंडंच दिसत होतं. ते बघून तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

चाक नव्यानं काढून तिनं मागावर पाठवलं. दिवस कलताना कापड उतरलं. मालक नमुना हातात घेऊन न्याहाळायला लागले, तेव्हा तिनं तोच दोरा त्यांच्यापुढे धरला.

"बारकाईनं कोण बघतंय म्हणालात न्हवं? घ्या. तुमीच बघा."

मालकांनी उभं मोजलं. आडवं मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा उभं मोजलं.

"बसू," ते म्हणाले, "ते कमळ ठेव बाजूला."