पतपेढीचा टॉवेल

अश्लेषाला एकदा बोलायला लावलं की थांबवणं मुश्कील, हे पुण्यात तिच्या घरच्यांना पक्कं ठाऊक होतं. क्योतोत कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. इथे ती विद्यापीठात दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या गावोगावच्या छोट्या बँकांवर संशोधन करायची आणि विणकरांच्या एका जुन्या गल्लीत भाड्याने राहायची. परदेशी बाईला घर द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा कोपऱ्यावरच्या पतपेढीचे शाखाप्रमुख निशिदा-सान तिला हमीदार राहिले होते. ना ओळख ना पाळख, पण भल्या माणसाने शिक्का मारून दिला.

त्यांच्याच आग्रहावरून रविवारी तिने गल्लीच्या सभागृहात व्याख्यान दिलं. समोर तीसेक म्हातारी माणसं, हातात हिरवा चहा. बाई रंगात आली. इंग्लंडमधल्या एका गावची बँक कशी बुडाली हे सांगता सांगता तिने खुणा सांगितल्या.

"बुडायच्या आधी बँक नटते. दाराला नवा रंग लागतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी भेटवस्तू जातात. आणि साहेब स्वतः दारात येऊन नमस्कार करायला लागतात."

इथे हशा पिकणार अशी तिची खात्री होती. कुणी हसलं नाही. पुढे बसलेल्या, लोणच्याचं दुकान चालवणाऱ्या मोरीआजींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि ते पाहून ही वेडी खूश झाली. शेवटच्या खुर्चीवरच्या निशिदा-साननी टाळ्या वाजवल्या, पण जरा उशिराच.

बुधवारी सकाळी चहाची भांडी घासून ती हात पुसत होती. पुसता पुसता थांबली. टॉवेलच्या कोपऱ्यात पतपेढीचं नाव होतं, खाली 'सत्तर वर्षं'. गेल्याच महिन्यात वर्धापनदिनाला त्यांनी हे टॉवेल घरोघर वाटले होते. दारही तेव्हाच रंगवून घेतलं होतं. तिने खिडकी उघडली आणि लगेच कावासाकी शहरात राहणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"केदार, पतपेढीसमोर रांग लागलीय. नऊला उघडते ती, आत्ता कुठे आठ वाजतायत."

"तू रविवारी तिथं ज्ञान पाजळलंस ना?"

"पतपेढी ठणठणीत आहे रे. साधा वाढदिवस केला त्यांनी."

"मग कशाला घाबरतेस? सरकारी विमा असतो की ठेवींना."

"रांगेत उभं राहिल्यावर विमा कुणाला आठवतो? इथले निम्मे माग त्यांच्या कर्जावर चालतात. ठेवी गेल्या की हेड ऑफिस ही शाखाच बंद करेल. आणि निशिदा-सान घरी बसतील, माझ्यामुळे."

केदार म्हणाला, "आपले किती आहेत त्यात?"

"बघ. तूसुद्धा हेच विचारलंस." तिने फोन ठेवून दिला.

उपाय तिला माहीत होता, हीच तर तिची विद्या. जुन्या कागदांत तिने कितीदा वाचलं होतं, की अशी धावपळ सुरू झाली की गावातली मानाची माणसं सगळ्यांदेखत पैसे भरायला यायची, आणि लोक शांत होऊन घरी जायचे. आणि या गल्लीत तिला मान होता, सगळे तिला 'सेन्सेई', म्हणजे शिक्षिका, म्हणत. कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, एटीएममधून तिने दुसऱ्या बँकेतले तीन लाख येन काढले, पाकिटात घातले आणि रांगेच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

पुण्यात एव्हाना आरडाओरडा झाला असता, कुणीतरी काचेवर दगड घातला असता. इथे पन्नासेक माणसं हातभर अंतर राखून, पिशवी छातीशी धरून उभी होती. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. अश्लेषाला त्या शांततेचीच भीती वाटली.

"मी पैसे भरायला आलेय," ती मुद्दाम मोठ्याने, जपानीत म्हणाली.

तिच्या पुढे मोरीआजी होत्या. वळून गोड हसल्या. "हो तर. आम्हीही त्यासाठीच आलोय, सेन्सेई."

पुढच्या चार माणसांनी माना डोलावल्या. सगळे म्हणे भरायलाच आले होते. अश्लेषाने पाकीट उघडून नोटा दाखवल्या, तशी आजींनी नजर खाली वळवली. दुसऱ्याच्या पैशाकडे बघणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

मागे येऊन उभा राहिलेला एक विणकर फोनवर हळूच म्हणाला, "लवकर ये. व्याख्यानवाल्या सेन्सेईसुद्धा रांगेत आहेत."

आता निघून जावं तर लोक म्हणणार, हिचे पैसे आधीच निघाले. थांबावं तर हे असं. ती तशीच उभी राहिली. वळणावरून एक सायकल आली, मागून दोन आल्या, मग तिने मोजायचं सोडून दिलं.

नऊला शटर वर गेलं. निशिदा-सान नव्या रंगाच्या दारातून स्वतः बाहेर आले आणि कमरेत वाकले, खूप वेळ. मोरीआजींनी वही उघडून खूण केली.

मग ते रांगेच्या कडेने एकेकापुढे झुकत अश्लेषापाशी आले. तिच्या हातातलं पाकीट त्यांनी पाहिलं. ती काही बोलणार, तोच त्यांनी मान लववली.

"काळजी करू नका, अश्लेषा-सान," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचे पैसे मी आधीच बाजूला काढून ठेवलेत."