चिठ्ठीत निघालेले चष्मे

मायदेशातल्या मंडळीकडून खोकी आली की मिशनच्या आवारात एकच नियम चाले. वस्तू कोणतीही असो, ती रविवारी उपासनेनंतर चिठ्ठ्या टाकून वाटायची. नियम पाद्रीबाबांचा होता आणि त्याला इतिहास होता. एकोणीस वर्षांपूर्वी, ते आणि त्यांची बायको इथे नवे असताना, पहिल्या खोक्यात एक निळा स्वेटर निघाला. त्यावरून दोन वडीलधारी माणसे आठ महिने एकमेकांशी बोलली नाहीत, आणि दोघेही एकाच बाकावर बसत. तेव्हापासून चिठ्ठ्या. एकदा स्वयंपाक्याला तान्ह्या बाळाचे टोपडे निघाले. त्याने ते चहाच्या किटलीला घातले आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

या खेपेला बासष्ट चष्मे आले.

पाद्रीबाबांच्या पत्नीला सगळे ‘बाई’ म्हणत, कारण त्या मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवत. श्रद्धा त्यांच्याकडे होती, परंतु मोजून घेतल्याशिवाय त्या काहीच घेत नसत. त्यांनी खोके उघडले, वरचा चष्मा उजेडात धरला आणि नवऱ्याकडे पाहिले.

“अहो, हे चिठ्ठ्यांनी नाही वाटायचं.”

“का बरं? प्रेषितांनीसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या होत्या.”

“त्यांना बारावा प्रेषित निवडायचा होता. चष्म्याचा नंबर नाही.”

“अगं, एकदा अपवाद केला की निळा स्वेटर परत आलाच म्हणून समज.”

बाईंनी खोके बंद केले, पण त्यांच्या जिवाला घोर लागला. त्याचे कारण शिवणमावशी.

मावशी शिवणखोलीत गणवेश शिवत आणि तिच्याच मागच्या दहा फुटी खोलीत राहत. दीड वर्षापूर्वी बाईंनी सहज एका बाहीवरचे टाके मोजले. पूर्वी इंचाला चौदा पडत, ते नऊ झाले होते, आणि त्यांपैकी तीन रांग सोडून फिरायला गेल्यासारखे होते. विचारल्यावर मावशींनी आधी सुईला, मग दोऱ्याला, मग कापडाला दोष दिला आणि शेवटी कबूल केले की जवळचे दिसत नाही. तेव्हापासून बाई रोज शाळेआधी बारा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवत. याची वाच्यता कुठे झाली नव्हती. पण सुई ओवून देता येते, टाका कुठे घालायचा ते ओवून देता येत नाही. गेल्या वेळची काजे वाकडी निघाल्यावर मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितले होते: गुरुवारी बत्तीस गणवेश तपासीन, पुन्हा तसेच निघाले तर काम गावातल्या कारखान्याला. काम गेले की खोलीही गेली, हे त्यांनी सांगितले नव्हते. सांगण्याची गरज नव्हती.

रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. प्रथेप्रमाणे मिळालेली भेट अंगावर घालून उपकाराचे एक गीत म्हणायचे होते. सर्वांनी चष्मे चढवले. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी आठव्या गीताऐवजी तिसरे सुरू केले, पुढच्या बाकांनी आठवेच धरले, आणि मागच्यांनी दोन्हींचा मान राखून मधलेच काहीतरी गायले. बाहेर पडताना पहारेकऱ्याने घंटेच्या खांबाला अदबीने वाट करून दिली.

“आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन,” अंगणात मावशी बाईंच्या कानाशी म्हणाल्या. “मलाही दोन दिले, बाई. पण दोन्ही दुसऱ्याचे.”

बाईंनी तो चष्मा उन्हात धरला. कडेला जाड, मध्ये पातळ, लांबचे पाहण्याचा. मावशींना नेमका उलटा हवा होता. बाईंनी शाळेतून मीटरपट्टी आणि एक पांढरा पुठ्ठा मागवला.

“चिठ्ठी मोडायची नाही,” त्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. “ज्याचा चष्मा त्याचाच. पण आपल्या वस्तूची अदलाबदल करायला नियमात कुठे बंदी आहे?”

मग रांग लागली. बाई एकेक भिंग उन्हात धरून पुठ्ठ्यावर उन्हाचा ठिपका पाडत आणि अंतर मोजत. ज्याचा ठिपका पडत नसे तो लांबचा. ज्याचा पडे तो वाचायचा, आणि अंतर जितके कमी तितका जोर जास्त. एक ठिपका फार वेळ राहिला आणि पुठ्ठ्यातून धूर आला.

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच या अंगणात काहीतरी पेटलं,” स्वयंपाकी म्हणाला.

“प्रवचन चालू असताना तू जागा असतोस कधी?” मास्तरांनी विचारले.

“तेच तर सांगतोय.”

तासाभरात निम्मे अंगण एकमेकांच्या नाकावरून चष्मे काढण्यात गुंतले. पहारेकऱ्याला मावशींचा चष्मा बसला. त्याने समोरच्या टेकडीवरची झाडे मोजली, पुन्हा मोजली, आणि इतकी वर्षे आपण नेमका कशावर पहारा देत होतो असे विचारले. मास्तरांनी गीतपुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूरसुद्धा वाचून काढला. वाचायचे चष्मे मोजून सात भरायला हवे होते. शुक्रवारी खोके उघडले तेव्हाच बाईंनी मोजून ठेवले होते. सहा योग्य डोळ्यांवर बसले, पण त्यांतला एकही सुईच्या कामाच्या जोराचा नव्हता. सातवा, सर्वांत जोरकस, अंगणात नव्हताच.

तेवढ्यात पाद्रीबाबा बाहेर आले. ते उपासनाघरातच बसून राहिले होते, कारण गीतपुस्तकातली सर्वांत बारीक अक्षरे त्यांना सहा वर्षांनी दिसली होती.

“बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. “चिठ्ठीने माझा नंबर बरोबर ओळखला. याला काय म्हणशील?”

“बासष्टांत सात. म्हणजे नवात एक. चमत्काराला इतकी स्वस्त शक्यता शोभत नाही,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचे बोलणे त्यांच्या हातात नव्हते. गुपित दुसऱ्याचे होते.

मावशींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“बाबा, मला सुई दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दीड वर्ष झालं. बाई ओवून देतात.”

पाद्रीबाबांनी बायकोकडे पाहिले. रोज सकाळी ती इतक्या लवकर कुठे जाते, हा प्रश्न सुटल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या कडेने पुसला आणि स्वतः मावशींच्या नाकावर ठेवला.

“आणि नियम?” मागून कुणीतरी विचारले.

“नियम आहेच. चष्मा मला निघाला. मी तो कुणाला द्यावा, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.”

मावशींनी आपल्या हातांकडे पाहिले. तळहात पाहिले, मग पालथे करून पाहिले. “मेले, किती म्हातारे झाले,” त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या.

सोमवारी बाई सवयीने शिवणखोलीत गेल्या, तर उशीला बारा सुया ओवून टोचलेल्या होत्या. मावशी गणवेशांची काजे उसवून नव्याने घालत होत्या आणि मान वर करायला तयार नव्हत्या. गुरुवारी मुख्याध्यापिकांनी बत्तीस गणवेश उलटसुलट करून पाहिले, तेहतिसावा मागितला, तो नाही म्हटल्यावर चष्मा लावून बत्तिसावाच पुन्हा पाहिला, आणि पुढच्या सत्राचे कापड तिथेच ठेवून गेल्या. त्यानंतरच्या रविवारी पाद्रीबाबांना टिपणे दिसली नाहीत. ते तोंडपाठ जेवढे आले तेवढे बोलले. प्रवचन एकोणीस मिनिटांत आटोपले. एरवी एक्केचाळीस लागत. मंडळीने त्यांच्यासाठी चष्मा मागवण्याची घाई करू नये असे सुचवले.

बाई अजूनही रोज सकाळी शिवणखोलीत जात. काम उरले नव्हते, चहा होता. एका सकाळी कप पुढे करताना बाईंच्या जाकिटाची बाही दिसली आणि मावशींचा हात थबकला. त्यांनी बाईंना दंड धरून खिडकीशी नेले.

“ही बाही कुणी शिवली?”

“तुम्हीच.”

“कधी?”

“मागच्या वर्षी.”

मावशींनी नखाने एकेक टाका मोजला. “नऊ,” त्या म्हणाल्या. “आणि हा बघा कुठे निघालाय फिरायला. वर्षभर अशा हिंडलात? बोलायला काय झालं होतं?”

“चांगली उबदार आहे.”

“उबदार म्हणे. आटपा तो चहा आणि काढा इकडे,” मावशी म्हणाल्या आणि उशीवरची पहिली सुई उचलली.