काटेमामांचा बोलका नकाशा

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. वाटाड्या म्हटल्यावर काठी टेकत पुढे चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. मी तळहातावर मावणारा एक यंत्रातला वाटाड्या. काचेचा चेहरा, पोटात नकाशा आणि टोचायला एक बारीक कांडी. कांडी हरवली, काचेला तडा गेला, आणि गेली कित्येक वर्षे मी एका खणात मोडक्या तराजूंच्या साखळ्यांसोबत पडून आहे. साखळ्या स्वभावाने चांगल्या आहेत, पण बोलत नाहीत. म्हणून आज तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. रांगेने बसलेल्या मुली एकेक स्क्रू बसवून मला पुढे ढकलत होत्या. एवढ्या जणींचे हात लागले, पण उचलून कौतुकाने पाहिले असे एकीनेही नाही. पुढे दुकानाच्या काचेच्या कपाटात उभा राहिलो. माणसे यायची, मला चालू करायची, नकाशात स्वतःचेच घर शोधायची आणि सापडले की खूश होऊन मला परत ठेवायची. जे घर त्यांना डोळे मिटून सापडले असते, तेच!

एके दिवशी एक तरुणी आली. तिने इतके प्रश्न विचारले की दुकानदाराने शेवटी स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली. तिने मला घेतले ते आपल्या मामासाठी.

हे मामा वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना काटेमामा म्हणत. सकाळी शहरातल्या दुकानांतले काटे तपासायचे आणि दुपारनंतर स्कूटरवरून शहराबाहेरच्या दगडखाणींकडे जायचे. तिथे भरलेला अख्खा ट्रक तोलणारे भुईकाटे असत. मामी जाऊन बरीच वर्षे झाली होती. मामा दोन खोल्यांत एकटेच राहत. भाची शहराच्या दुसऱ्या टोकाला असायची आणि न चुकता रोज फोन करायची. तिचे बोलणे मला लवकरच पाठ झाले. "जेवलास? गोळी घेतलीस? बरं, ठेवते मग." मामांचे पहिले ‘हो’ निघेपर्यंत तिचे ‘ठेवते’ येऊन गेलेले असायचे.

माझ्या पोटातले कार्ड लहान होते. दोन नकाशे भरले की मी भर रस्त्यात गपगार व्हायचो. तेव्हा एकच निवडणे भाग होते. पहिला शहराचा. त्यात गल्लीबोळ, एकेरी रस्ते, सगळे होते, आणि एका बाईचा आवाज भरलेला होता. "पुढच्या चौकात उजवीकडे वळा," असे ती गोड आवाजात सांगायची. दुसरा रानाचा. त्यात चढउतार, ओढे आणि पायवाटा होत्या. आपण ज्या वाटेने आलो तिची रेघ तो उमटवत जायचा, म्हणजे तिच्यावरून परतता यावे. भर उन्हातही तो स्पष्ट दिसायचा. पण होता मुका.

भाचीने दोन्ही नकाशे मामांना आलटून पालटून वापरायला दिले. मग सुटीच्या दिवशी ती निकाल लावायला बसली.

"रानाचा घे," ती म्हणाली. "शहर तुला पाठ आहे. झोपेत स्कूटर चालवलीस तरी दुकानापुढेच थांबशील."

"शहर फार बदललंय गं."

"कुठे बदललंय? कालच तू मला जवळचा रस्ता सांगितलास."

"तो जुना होता."

"मामा! खाणीतले रस्ते सारखे खणून काढतात. तिथे हरवलास तर?"

"हरवायला मी काय सुई आहे? आणि त्या रानाच्या नकाशाला चष्मा लावून बघत बसावं लागतं. शहराचा बरा. ऐकलं की झालं."

"माणसाचं कधी ऐकत नाहीस, यंत्राचं ऐकणार?"

"माणसं सांगायला थांबतात कुठे?" मामा हसत म्हणाले.

भाचीही हसली. ते वाक्य मी जमेला धरले, तिने धरले नाही. शहराचा नकाशा माझ्या पोटात गेला.

मित्रांनो, कामाला लागलो आणि माझी पंचाईत झाली. बाई उजवीकडे सांगायची, मामा खुशाल डावीकडे वळायचे. बाई जराही न चिडता म्हणायची, "मार्ग पुन्हा आखत आहे."

"आखा, आखा. घाई नाही," मामा म्हणायचे आणि पुढच्या चौकात पुन्हा चुकायचे. "काय बाईसाहेब, दमलात का?"

मला वाटले, हा माणूस बहिरा तरी आहे किंवा हट्टी तरी. पण काट्यावरच्या किलोभर साखरेत चिमटीचा फरक ओळखणारा माणूस डावे-उजवे कसे विसरेल? हळूहळू उलगडा झाला. मामा सांगितल्या वाटेने गेले की बाई बराच वेळ गप्प बसायची. चुकले की बोलायची. मामा मुद्दाम चुकत होते. घरी पोहोचले तरी मला लगेच बंद करत नसत. "आपण पोहोचला आहात," असे बाई सांगायची. "हो, पोहोचलो एकदाचा," म्हणत मामा दार लावून घ्यायचे आणि मला ओट्यावर ठेवून भाजी चिरायला बसायचे.

मला आनंद व्हायला हवा होता. खरे सांगू? झाला नाही. मामा बोलत होते ते त्या बाईशी. ती कधीतरी कुठल्याशा बंद खोलीत बसून आपली वाक्ये वाचून घरी निघून गेलेली. तिला मामा ठाऊक नव्हते, आणि मामांच्या लेखी मी म्हणजे नुसता डबा. एका स्कूटरवर आम्ही तिघे होतो आणि कोणालाच कोणी नव्हते.

एके दिवशी एका खाणीतला भुईकाटा अडकला. मामांची नेहमीची वाट खणली गेली होती, म्हणून ते एका नव्या वळणवाटेने आत आले. काम आटोपेपर्यंत मजूर निघून गेले होते आणि धुके उतरले होते. परतताना एकही वळण ओळखू येईना. मामांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या काचेवर पांढरा कोरा कागद होता आणि मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे मामा. रानाचा नकाशा असता तर आल्या वाटेची रेघ दाखवली असती. बाईला मात्र एवढेच येत होते, "जवळच्या रस्त्याकडे सरळ जा."

सरळ रेषेत, आमच्या आणि रस्त्याच्या मध्ये, पाण्याने भरलेली खोल खाण होती. तिला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. आणि नेमके त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा बाईचे ऐकले.

कडेच्या खडीवरून पुढचे चाक घसरले. स्कूटर आडवी झाली, मामांचा पाय खाली अडकला. वजनांची पेटी उघडली आणि वजने गडगडत कड्यावरून गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"सरळ जा," बाई म्हणत होती. "सरळ जा."

"गप गं आता!" मामा ओरडले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नको. बोल."

ती बोलत राहिली, म्हणूनच खाणीचा पहारेकरी कंदील घेऊन आला. "मला वाटलं, कुणी बाई वाट चुकली," तो म्हणाला.

भाची धावत आली तेव्हा मामा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडले होते. पहारेकऱ्याने तिला सगळे सांगितले होते.

"पाठ असलेल्या शहराचा नकाशा घेतोस आणि रानात मरायला जातोस! कशासाठी? सांग ना."

मामा छताकडे बघत म्हणाले, "रानाचा नकाशा बोलत नाही गं."

दुकानदाराला खुर्ची ओढायला लावणाऱ्या त्या मुलीने त्या दिवशी स्वतःच खुर्ची ओढली आणि ती मामांपाशी बसली.

पाय बरा झाल्यावर तिने शहराचा नकाशा काढून रानाचा भरला. मी मुका झालो. सुटीच्या दिवशी ती स्वतः मामांच्या मागे बसून खाणीवर यायला लागली.

"इकडे वळ, इकडे!"

"अगं, इकडे म्हणजे कुठे?"

"हात दाखवतेय ना!"

"माझ्या पाठीला डोळे फुटलेत का?"

वाट खरोखर चुकायची, आणि मामा हसून हसून स्कूटर थांबवायचे. माझ्या काचेवर रेघ अगदी अचूक उमटत असायची. तिच्याकडे कोणी बघत नसे. कधीकधी भाचीला यायला जमत नसे. त्या दिवशी मामा एखाद्या वळणावर थांबून माझ्याकडे बघायचे, कांडीने उगीच टोचायचे आणि वाट पाहायचे. मी रेघ दाखवायचो. दुसरे काही माझ्यापाशी नव्हते.

पुढे सगळे काही करणारे फोन आले आणि माझी रवानगी या खणात झाली. माझी तक्रार नाही. तरी, मित्रांनो, जुन्या यंत्राची बॅटरी फुगण्याआधी काढून ठेवा, त्याची काच कधीमधी पुसा, आम्हाला बरे वाटते. आणि घरातले कोणी पाठ असलेल्या रस्त्याबद्दल तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर पटकन रस्ता सांगून मोकळे होऊ नका. त्यांच्यापाशी जरा बसा. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ वाटा दाखवल्या, पण ‘बरं, मग पुढे काय झालं?’ असे मला एकदाही विचारता आले नाही. तुम्हाला ते विचारता येते.