उलट्या बाजूने

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची एसटी आत शिरली आणि ती थांबायच्या आत तिच्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागल्या. एका बाईने तर दोन वर्षांचं पोरच उचलून खिडकीतून सीटवर ठेवलं आणि स्वतः दाराकडे धावली. पोराने आत बसून जे भोकाड पसरलं ते स्टँडभर ऐकू गेलं.

म्हाळसा रांगेत उभी होती. रांग अशी नव्हतीच, ती एकटीच रांगेत असल्यासारखी उभी होती. तिच्या मागे तिचे वडील, आबा. वय चौऱ्याहत्तर, धोतर, पांढरी टोपी. डोळे तपासून चष्म्याचं माप देऊन दोघं लासुर्ण्याला घरी निघाली होती. म्हाळसा बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. शनिवारची सुट्टी काढून ती आबांसाठी आली होती आणि रविवार घरी काढून परत जाणार होती.

"चढा की बाई, का मुहूर्त काढायचाय?" मागून कुणीतरी तिच्या पाठीत पिशवीचा कोपरा खुपसला. पुढून उतरणारे चढू देत नव्हते, मागून चढणारे श्वास घेऊ देत नव्हते. कशीबशी आत शिरली तर दोनाच्या एका सीटवर माणूस कुणी नाही, फक्त एक मळका निळा रुमाल. तिने आबांना खिडकीशी बसवलं, आपण कडेला बसली.

"ओ ताई, रुमाल दिसला न्हाय का?" मिशीवाला एक माणूस समोर येऊन उभा राहिला.

म्हाळसाच्या तोंडाशी आलं होतं, की आम्ही बस लागायच्या आधी अर्धा तास उन्हात उभे होतो, तुमचा रुमाल कधी आला? पण ती नुसती उठून उभी राहिली. असं तिचं नेहमीचंच. परक्या माणसाशी भांडायचं म्हटलं की ती जागा सोडून द्यायची.

"पाव्हणं," आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "रुमाल तुमच्या आधी बसला हुता, खरं हाय. पर त्याचं तिकीट काढलं का?"

आजूबाजूची माणसं हसली. मिशीवालाही हसला. "ऱ्हाऊ द्या आबा, बसा तुमी. ताई, तुमी बी बसा." आणि तो दांड्याला धरून लासुर्ण्यापर्यंत उभ्याने आबांशी केळीच्या भावावर बोलत आला.

म्हाळसाला याचा आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. रुमाल टाकणाऱ्याचा आला, हसणाऱ्यांचा आला, पुढच्या सीटवर मोबाइलवर मोठ्या आवाजात एकामागून एक व्हिडिओ लावून बसलेल्या माणसाचा आला, आणि खिडकीतून पिंक टाकणाऱ्याचा तर फारच, कारण तिचे शिंतोडे मागे आबांच्या बाहीवर आले होते. आबांनी ते टोपीने पुसले आणि टोपी उलटी करून पुन्हा डोक्यावर घातली. त्या वेळी म्हाळसाला सगळ्यात जास्त राग आबांचाच आला.

लासुर्ण्याला ड्रायव्हरने गाडी कडेला न घेता रस्त्याच्या मधेच उभी केली. दोघं खाली उतरली तोवर मागून दोन मोटारसायकली एसटी आणि त्यांच्यामधून गेल्या. रस्ता आता चौपदरी झालेला. मधे सिमेंटचा दुभाजक. घर पलीकडे.

आबांची रस्ता ओलांडायची एक रीत होती. उजवा हात खांद्याच्या वर उभा धरायचा, तोंड दोन्हीकडे फिरवत राहायचं, आणि रानात चालावं तसं सावकाश चालू लागायचं. गाड्या थांबत. शिव्या देत, हॉर्न वाजवत, पण थांबत. त्या दिवशीही आबांनी हात वर केला आणि निघाले. एक पांढरी कार करकचून थांबली.

"ए म्हाताऱ्या! रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचाच हुता," आबा शांतपणे म्हणाले. "चार गुंठं गेलं ह्यात."

कारवाला निघून गेला. दोघं दुभाजकावर चढली. आणि मग दिवसभर कुणालाच न बोललेली म्हाळसा तिथे, दोन्हीकडून गाड्या जात असताना, आबांवर तुटून पडली.

"तुमी काय पोलीस हाय का, हात करून गाड्या थांबवायला? लोक शिव्या घालत्यात आबा. मला लाज वाटती. एखाद्या दिवशी कुणी थांबणार न्हाय, मग?"

"आगं, गाडीत माणूसच असतंय की. हात बघितला की थांबतंय."

"न्हाय थांबत! नियम असतोय त्याला. कडेला उभं ऱ्हायचं. आपल्या घराकडनं निघालं की गाड्या उजवीकडनं येत्यात, तवा उजवीकडं बघायचं. डिव्हायडरवर आलं की डावीकडं. रस्ता मोकळा दिसला की निघायचं. कळलं का? म्हणून दाखवा."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने दुभाजकावर उभं राहून धडा म्हणून दाखवला. "घराकडनं निघालं की उजवीकडं. हितं आलं की डावीकडं." मग त्यांनी विचारलं, "आन् हात?"

"हात खाली."

"बरं बाई. शिकलेली हायस तू."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच तसं मानत. मोकळं दिसेपर्यंत दोघं तिथे थांबली आणि मग नियमाने पलीकडे गेली. हे बोलणं घरात कुणाला सांगावं असं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे दोघांनीही ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सातच्या सुमाराला आबा समोरच्या हॉटेलातून पेपर आणायला निघाले आणि घरासमोरच्या कडेलाच मोटारसायकलची धडक बसून पडले. मोटारसायकलला दोन्ही अंगांना दुधाचे मोठे कॅन बांधलेले. कॅनचा काठ छातीत बसला आणि डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

त्यांना उचलून जीपमध्ये घालणारा, मांडीवर त्यांचं डोकं धरून रडत दवाखान्यापर्यंत जाणारा, त्यांचा पुतण्या मानसिंग होता. मोटारसायकलही त्याचीच होती.

मानसिंगचा गोठा रस्त्याच्या याच, घराच्या बाजूला, थोडा पूर्वेला. डेअरीही याच बाजूला, थोडी पश्चिमेला. नियमाने जायचं तर पलीकडे जाऊन दोन किलोमीटर लांब वळण घेऊन यावं लागे. रस्ता झाल्यापासून गावातला एकही दूधवाला तसा गेला नव्हता. सगळे कडेकडेने उलटेच येत. शाळेच्या मास्तरांपासून सरपंचापर्यंत सगळे येत. "पाच मिन्टांचं तर काम," असं म्हणत.

पोलीस आले तेव्हा म्हाळसाचा धाकटा भाऊ रविराज पुढे झाला आणि कागदावर 'अनोळखी दुचाकी' असं आलं. घरात बसून ते ठरवलं गेलं होतं असं नाही, आधी लिहिलं गेलं आणि मग संध्याकाळी ठरलं.

"गेलेलं माणूस येणार हाय का परत?" आई, सरुबाई, भिंतीला टेकून म्हणाली. "मानसिंगच्या दोन लेकी लग्नाला आल्यात. त्यानं काय मुद्दाम केलंय का?"

"ताई, तुझं काय?" रविराजने विचारलं.

"तुमी म्हणाल तसं," म्हाळसा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सावडण्याचा विधी उरकून सगळे परतल्यावर समोरच्या हॉटेलचा माऊली चहाची किटली घेऊन आला. बाकीचे आत गेल्यावर तो म्हाळसाजवळ थांबला.

"ताई, एक सांगू? त्या दिवशी मी बघत हुतो हिकडं. आबा रोज हात करून यायचं. त्या दिवशी हात केलाच न्हाय बघा. कडेला नुसतं उभं. तोंड उजवीकडं. लई वेळ उभं हुतं. मी पोराला म्हटलं बी, आज आबा का थांबलं? डावीकडनं मानसिंग आला, त्यांनी तिकडं बघितलंच न्हाय. एरवी दोन्हीकडं बघायचं की."

म्हाळसाने चहाचा कप खाली ठेवला. माऊली काहीतरी पुढे बोलत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

त्यानंतरचे दिवस माणसं येत राहिली. सगळ्यांचं एकच. वेळ आली हुती. म्हातारपणी अंदाज येत न्हाय. आणि सगळ्यात जास्त वेळा, आबांची सवयच तशी हुती, हात करून सरळ रस्त्यात घुसायचं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत सगळे उभे होते. तिथे मानसिंग चार माणसांना सांगत होता, "किती डाव सांगितलं आबाला, बघून चालत जावा. ऐकलं न्हाय कधी." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते आणि ते खोटे नव्हते. दहा दिवसांत त्याचा स्वतःचा त्या बोलण्यावर पुरता विश्वास बसला होता. कुणीच त्याला 'नाही' म्हणालं नव्हतं.

म्हाळसा बारामतीला परतली. आधी तिला माणसांचा त्रास व्हायचा, आता तिला ती सहन होईनाशी झाली. सिग्नल लाल असताना पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन उभ्या राहिलेल्या गाड्या. मोबाइल खांदा आणि कानाच्या मधे दाबून, मान वाकडी करून चालवणारे. चौकाच्या ऐन मधे गाडी लावून उतरून गप्पा मारणारे दोन मित्र, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी निमूट वळसा घालून जाणारं अख्खं गाव. एका सकाळी कॉलेजच्या फाटकाशी एक शिक्षक उलट्या बाजूने स्कूटरवरून आले आणि हसून म्हणाले, "गुड मॉर्निंग मॅडम." तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी दुपारी ग्रंथालयात येऊन विचारलं, "काही चुकलं का माझं?"

"नाही," ती म्हणाली.

हे 'नाही' तिच्या जिभेवर दिवसभर कडू होऊन राहिलं. पुस्तकांवर नंबर घालता घालता तिला कळत होतं की तिला या शिक्षकांचा, त्या कारवाल्याचा, रुमालवाल्याचा राग येतो तो सोपा राग आहे. त्यांना काही सांगावं लागत नाही. ज्याला सांगायला हवं तो दर रविवारी घरी येऊन आईला दूध देऊन जातो, 'काकी, काय लागलं तर सांगा' म्हणतो. आणि गावात आबांची जी गोष्ट उरली आहे ती एका हेकट म्हाताऱ्याची आहे, जो न बघता रस्त्यात घुसला.

दीड महिन्याने आईचा रक्तदाब वाढला, म्हणून तिला इंदापूरला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. म्हाळसा आदल्या दिवशी येऊन राहिली. सकाळी दोघी घरासमोर कडेला उभ्या राहिल्या. इंदापूरची गाडी याच बाजूने यायची. आईने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. त्या दिवसापासून ती रस्त्याजवळ आली की असंच धरायची. दोघी उजवीकडे, बारामतीकडे बघत होत्या. समोर माऊलीच्या हॉटेलात सात-आठ माणसं चहा पीत बसली होती.

डावीकडून अगदी जवळ हॉर्न वाजला. लांब, दाबून धरलेला.

आई दचकून मागे सरली आणि तिचा पाय कडेच्या खडीवरून घसरला. म्हाळसाने तिला धरलं. मोटारसायकल दोन हातांवर थांबली. दोन्ही अंगांना कॅन.

"काकी, सरका की जरा मागं!" मानसिंग म्हणाला. मग म्हाळसाकडे बघून, वडीलकीच्या सुरात, "म्हाळसा, बघून उभं ऱ्हावं गं. तू तरी शिकलेली हायस. आबाचं बघून बी शिकायचं न्हाय का?"

म्हाळसाने आईचा हात सोडवला, दोन पावलं पुढे गेली आणि मोटारसायकलचं हँडल धरलं.

"कशाकडं बघायचं, दादा?"

"आं?"

"कुठल्या बाजूला बघायचं ते सांग. मी उजवीकडं बघत हुते. गाड्या तिकडनं येत्यात. तू कुठनं आलास?"

"आगं सोड, दूध नासंल. उशीर झालाय."

"नासू दे."

माऊली कपबशी हातात घेऊन बाहेर आला. मानसिंगने गाडी सुरू ठेवूनच हसायचा प्रयत्न केला. "काय झालंय हिला, काकी? लोक बघत्यात."

"म्हाळसा, गप," आई म्हणाली. "घरात चल. घरातलं घरात बोलू."

"घरात दीड महिना झाला, कुणी बोललं न्हाय." तिचा आवाज फुटत होता, पण ती जागची हलली नाही. "तू घाटावर काय सांगितलंस दादा? आबा बघत न्हवतं? माऊलीला इचार. आबा हितंच उभं हुतं. कडेला. हात खाली. बघत हुतं. किती वेळ बघत हुतं ते माऊलीनं बघितलंय."

माऊलीने मान खाली घातली, पण तो आत गेला नाही.

"त्यांचं काय बी चुकलं न्हाय," म्हाळसा म्हणाली. "अनोळखी गाडी न्हवती ती. तुझी हुती, ही. तू उलटा आलास. तू मारलंस त्यांना, दादा. आणि आज बी उलटाच आलास, आणि माझ्या आईला म्हणतोस सरक."

मानसिंगने गाडी बंद केली. त्याने काकीकडे बघितलं, काकी त्याच्याकडे बघत नव्हती. बारामतीकडून इंदापूरची एसटी येताना दिसली, जवळ आली, आणि कुणीच हात केला नाही म्हणून न थांबता पुढे गेली.

म्हाळसाने हँडल सोडलं नव्हतं. ती आईकडे वळली.

"आई, आबा हात करून जायचं, तवा कुणी त्यांना धडकलं न्हाय कधी. आदल्या दिवशी मी त्यांना हितं डिव्हायडरवर उभं करून रागावले. म्हटलं, मला लाज वाटती तुमची. हात करायचा न्हाय, एकाच बाजूला बघायचं. त्यांनी ऐकलं गं माझं. बसमधल्या माणसांवर चिडले हुते मी, आणि बोलले आबांना, कारण तेच एकटं ऐकून घेणार हुतं."