कोनाड्यातला उलटा माणूस

बाहत्तर सालची संक्रांत चार दिवसांवर आली होती. वाईकडच्या खंडाळ्याअलीकडच्या एका गावात राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली, आणि गुंडा पोस्टमन दारात आला. "मिलिटरीचं हाय," एवढं बोलून पाकीट उंबऱ्यावर ठेवलं नि तो जो सटकला, तो पार वेशीबाहेर. राहीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जायची ती चुलीत गेली. तिचा कोळसा झाला, घरभर धूर झाला, पण हिला पत्ताच नाही.

भ्यायचं कारणही तसंच होतं. नवरा मानसिंग लढाईवर गेलेला. लढाई संपून महिना होत आला, जिंकल्याच्या बातम्या सांगून सांगून रेडिओचा घसा बसला, तरी त्याची चिठ्ठी नव्हती. राहीबाई आष्ट्याची, गेल्या वैशाखात लग्न होऊन इकडं आलेली. नवऱ्याचा सहवास म्हणाल तर मोजून एकवीस दिवस.

पाकिटावर इंग्रजी अक्षर, तेही परक्याचं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नुसतं एक जाड पान. पत्ते खेळतात त्यातल्यासारखं, पण लांबोडकं. त्यावर पालवी फुटलेल्या लाकडाला एक माणूस टांगलेला. निळा सदरा, तांबडी विजार, हात पाठीमागं, एका पायाला दोर आणि मुंडकं खाली.

ते पान पदराखाली धरून ती शाळेत गेली. चिंतामण मास्तर वाईचे, शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटसुलट केलं आणि सांगितलं, की हे परदेशातलं भविष्य बघायचं पान. त्यांच्यात प्रत्येक चित्राला अर्थ असतो. ह्याचा काय, म्हणून तिनं विचारलं. मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, की पूर्वी तिकडच्या एका मुलखात फितूर माणसाचं चित्र असं उलटं काढून भिंतीवर रंगवायचे. पण अर्थ एकच नसतो, असंही ते पुढं म्हणाले. ते ऐकायला राहीबाई थांबली कुठं होती? फितूर एवढा एकच शब्द डोक्यात घेऊन ती घरी पोचली. नवऱ्याला धरलं, टांगलं, आणि कुणीतरी घरी कळवलं, असा तिनं सरळ हिशेब लावला.

सासू साळूबाई म्हणजे अशी बाई, की वाघ दारात आला तर त्याच्याकडून आधी गोठा झाडून घेईल. तिनं पान बघितलं नि तडक देवाच्या कोनाड्यात उभं केलं, मुंडकं खाली होतं तसंच, वर कुंकवाचं बोट लावलं.

सासू रानात गेल्यावर राहीबाईनं पान फिरवलं. मुंडकं वर, पाय खाली. आता तो माणूस लंगडी खेळणाऱ्या पोरासारखा दिसायला लागला. तिला जरा हायसं वाटलं.

सकाळी उठून बघते, तर माणूस परत उलटा.

तिनं दुपारी सरळ केला. सकाळी उलटा. परत सरळ, परत उलटा. चौथ्या दिवशी तिला त्याचं तोंड लाल झालेलं दिसलं. सहाव्या दिवशी दोर करकरल्याचा आवाज आला, तो तर म्हणे शेजारच्या म्हशीनंही कान टवकारून ऐकला. मांजर पायाला घासलं तर राहीबाई उडी मारून कणगीवर. सासूला सांगावं, तर सासूच उठता-बसता कोनाड्यापुढं नाक घासत होती. हिला काहीतरी कळलंय आणि ती लपवतेय, असं वाटून राहीबाईचं उरलंसुरलं अवसान गेलं.

आठव्या दिवशी दुपारी राहीबाईनं कोनाड्यात हात घातला, आणि मिश्रीची डबी विसरलेली साळूबाई मागं वळून दारात आली. तिनं येऊन राहीबाईचं मनगटच धरलं.

"म्हंजी, तू व्हय गं?"

"आवं आत्याबाई, मग सकाळी उलटा कोन करतंय?"

"मी. आठ दीस जिवात जीव न्हाई माझ्या. मी टांगतीया आन त्यो उतरतोय. मला वाटलं, पोरासाठी बोललेला नवसच देवानं परत केला."

मग साळूबाईनं तिला जवळ बसवलं. गावचं बगाड राहीबाईनं अजून पाहिलेलं नव्हतं. दगडी चाकांचा गाडा, त्यावर शीड म्हणतात तो उंच वासा, शिडाच्या टोकाला नवसाचा माणूस बांधून टांगायचा आणि बैलांनी ओढत देवळापर्यंत न्यायचा. सासरा जोतीराम तीनदा टांगला गेला होता, आणि तिन्ही वेळा ही खाली उपाशी चाललेली.

"बगाड मधीच उतरवत न्हाईत, पोरी. आन ह्येचं तोंड बघ. रडतोय का? डोक्यामागं उजेड हाय. ह्यो कुनी मारलेला मानूस न्हवं. सोताहून टांगलेला हाय."

राहीबाईनं हळूच विचारलं, "आन देवळापातूर पोचलाच न्हाई तर?"

साळूबाईनं पान उलटं ठेवलं, आणि त्या दिवसापासून दोघींनीही त्याला हात लावला नाही. भीती होती तेवढीच होती, फक्त आता दोघी एका वाकळेत झोपायला लागल्या.

फाल्गुनात एसटी थांबली आणि कुबडी टेकत मानसिंग उतरला. मांडीचं हाड मोडलेलं. हॉस्पिटलात दोन महिने पाय दोरीनं वर टांगलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि वॉर्डात मराठी लिहिणारं कुणी नाही. केरळची एक नर्स भविष्याची पानं बाळगून होती. तिच्या गठ्ठ्यात त्याला हुबेहूब स्वतःचीच गत दिसली. तेवढं पान तिच्याकडून मागून घेतलं आणि पाकिटात घालायला लावलं.

"म्हटलं, घरची बघत्याली नि समजत्याली," तो म्हणाला. "लय हसला असाल न्हाई?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"व्हय रं," साळूबाई म्हणाली. "पोटं दुखली."

राहीबाई आत गेली, आणि तिनं कोनाड्यातल्या माणसाचे पाय जमिनीला लावले.