सात वर्षांचा देव

शुक्रवारी सकाळी पुरिंगमावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. समुद्रापलीकडच्या सेबू शहरातून पहिल्या बोटीने आलेली माणसे मेणबत्त्या, गोड गोळ्यांच्या पुड्या आणि खेळण्यातल्या मोटारी घेऊन उभी असत. कारण आत, वेताच्या खुर्चीत, मावशीची भाची क्रिसान्ता हिच्या मुखाने साक्षात बाल येशू बोलत असे.

"आमचा बाळ फार मानी आहे हं," मावशी बजावी. "मोटारीला चारही चाकं हवीत. तीन चाकांची आणलीत, तर गुणही पाऊणच येईल."

मग पहिल्या दहा जणांना आत घेऊन ती दाराला कडी घाली. कडी वाजताच चौतीस वर्षांच्या क्रिसान्ताची मान कलंडे आणि ओठांतून कोवळा, बोबडा आवाज निघे. ती भानावर येई तेव्हा मांडीवर गोळ्यांचे कागद पडलेले असत. मधला तास कुठे गेला, हे तिला ठाऊक नसे. अलीकडे असे तास इतर वारीही हरवू लागले होते. अखेर भिऊन तिने आपल्या पहिलीच्या शिक्षिकेला, रेमेदिओसबाईंना गाठले.

"बाई, मी ढोंग करत नाही. पण काय होतं तेही मला कळत नाही. तुम्ही आत बसून बघाल?"

"मी देवाला प्रश्न विचारीन. चालेल?"

"विचारा. मला तर तेवढंही करता येत नाही."

पुढच्या शुक्रवारी बाई खुर्चीसमोर बसल्या. "बाळा, खिडकीतून काय दिसतं?"

"चर्चचं घंटाघर."

ते घंटाघर भूकंपात कोसळून वीस वर्षे झाली होती.

"शाळेत काय चाललंय?"

"हातच्याची वजाबाकी. मला जमत नाही."

"आणि भीती कसली वाटते?"

कोवळा आवाज दाराकडे वळला. "काका कडी घालतात."

"देव दमला," मावशी घाईने म्हणाली. "बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही घेतली, पुरिंग. तुझ्या मेलेल्या नवऱ्याची घेतली. आणि तुझीही."

रेमेदिओसबाई तिला सेबूला घेऊन गेल्या. तिथल्या मानसोपचाराच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी घाईने निदान केले नाही. "फार लहानपणी असह्य काही घडलं, तर एकाच माणसाचं मन तुटक कप्प्यांत राहू लागतं. तुझं तसं असू शकेल. खात्री व्हायला महिने लागतील."

"मग माझ्या तोंडून कोण बोलतं?"

"तूच. सात वर्षांची. तुला सोसवलं नाही ते बहुधा तिने सांभाळून ठेवलंय."

"देव असता तर बरं झालं असतं," क्रिसान्ता म्हणाली.

घरी येऊन तिने एवढेच विचारले, "मावशी, तुला माहीत होतं?"

"कडी वाजली की तू लहानपणीही अशीच व्हायचीस," मावशी भिंतीकडे पाहत म्हणाली. "मी तुला पोसलं, हे विसरू नकोस."

त्या शुक्रवारी क्रिसान्ता आत गेली नाही. अंगणात उभी राहून तिने गर्दीला सारे सांगितले. कडी आणि काका, दोन्ही.

"पण माझ्या पोराचा ताप उतरला होता की," एक बाई म्हणाली.

"पुष्कळ ताप आपोआप उतरतात, ताई. ज्यांचा नाही उतरला, त्यांच्या आया परत इथे आल्या नाहीत."

मागून कुणी पुटपुटले, "आज हिच्यात सैतान शिरलाय."

"आज मी बोलतेय. माझ्यात आणखी कोण कोण आहे, ते मलाही अजून नीट ठाऊक नाही. पण त्यात देव नाही, एवढं खरं. तुमच्या घरातलं माणूस असं दुसऱ्याच आवाजात बोलू लागलं, तर त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि त्याच्यावर काय गुदरलं, ते कधीतरी विचारा. मला सत्तावीस वर्षं कुणी विचारलं नाही."