सोळाशे अठ्ठ्याण्णवचा जानेवारी

"सापडलं! अखेर सापडलं!" डॉर्कस एवढ्यानं ओरडली की हॅडविक गावच्या नोंदी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एझ्राचा चष्मा नाकावरून घसरला. "लग्न मे सतराशे अकरा. पोरगं फेब्रुवारी सतराशे अकरा. लग्नाआधीचं! विनिफ्रेडबाईंचा मूळपुरुष! आता बघते, तिचं नाक कसं वर राहतं."

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी उकळून डॉर्कसचे हात लाल झाले होते. मन त्याहून तापलेलं होतं, आणि त्याला कारण होतं. गावातल्या आद्य घराण्यांच्या मंडळाचं दरवर्षी जेवण असे. पुढच्या टेबलावर फक्त अमेरिकेत आलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या वंशजांनी बसायचं, असा रिवाज. डॉर्कसची आई तिथे अकरा वर्षं वाढपाचं काम करायची. आपणही त्याच रक्ताच्या आहोत हे कळल्यावर बिचारीनं जुन्या नोंदी उतरवून अर्ज केला. अध्यक्षीणबाई विनिफ्रेडनं तो भर जेवणात वाचून दाखवला आणि शेरा मारला : मूळ पूर्वज मर्सी आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली, अनौरस, अर्ज नामंजूर. सगळे हसले. त्यानंतर आई चर्चलाही मागच्या दारानं जायची. तशीच खालमानेनं एक दिवस वारली.

"थांब जरा," एझ्रा म्हणाला. "तेव्हा नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, बाई. सतराशे बावन्नपर्यंत असंच होतं. मे सतराशे अकरानंतर जो फेब्रुवारी आला, तोही सतराशे अकराचाच. नऊ महिने, अगदी शास्त्रोक्त! नवखे लोक इथेच फसतात."

डॉर्कस मटकन बसली. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. मग काय सुचलं कोण जाणे, तिनं पर्समधून आईचा जुना अर्ज काढला. मर्सीच्या आईबापांचं लग्न एप्रिल सोळाशे अठ्ठ्याण्णव. मर्सीचा जन्म जानेवारी सोळाशे अठ्ठ्याण्णव. ती ओळ तिनं बोट ठेवून तीनदा वाचली.

"एझ्रा, ही वर्षाची भानगड विनिफ्रेडबाईंना ठाऊक असेल?"

"न ठाऊक असायला काय झालं? स्वतःच्या घराण्यापुरती तोंडपाठ आहे."

"मग त्यांच्याच तोंडून वदवते."

नोव्हेंबरातल्या जेवणात टर्की कापायला घेतली, तेवढ्यात डॉर्कस धुलाईखान्याच्या कपड्यांतच आत शिरली आणि मे, फेब्रुवारी, सगळं खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाली. विनिफ्रेडबाई पोट धरून हसल्या.

"अगं, तू आपली चादरी धू! तेव्हा वर्ष मार्चमध्ये बदलायचं. शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं हे."

"पुन्हा सांगा. मागच्यांना ऐकू नाही आलं."

बाईंनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"आता हे वाचा," डॉर्कसनं आईचा अर्ज पुढे केला. "खालचा शेरा तुमच्याच हातचा आहे."

विनिफ्रेडबाई वाचू लागल्या आणि 'जानेवारी'पाशी अडल्या. मागून बेकरीवाला सेथ म्हणाला, "काय हो, शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं ना?"

"तेव्हा विसरलात, की मुद्दाम केलंत?" डॉर्कसनं विचारलं.

"चूक झाली असेल. ये, बस. अरे, खुर्ची आणा कुणीतरी."

"बसायला नाही आले. लिहा : मर्सी औरस होती, चूक आमची. आणि सही करा."

बाईंनी मान खाली घालून त्याच कागदावर लिहिलं आणि सही केली. ते बघताना डॉर्कसला जो आनंद झाला, तो चर्चमध्ये कधी झाला नव्हता, आणि त्याची तिला तिळभरही लाज वाटली नाही.

कागद घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर निघाली. तिथे आईच्या जोडीनं वाढप केलेली म्हातारी बेस भांडी विसळत होती.

"मिळालं गं?"

"मिळालं."

"मग रडतेस कशाला?"

"आता दाखवू कुणाला, बेसमावशी?"

बेसनं ओले हात अॅप्रनला नीट पुसले आणि दोन्ही हातांनी कागद घेतला.